कामाचें कुत्रें : पैदास कशी करावी व पिल्लूं कसें घ्यावें

बैल घ्यावयाचा झाला म्हणजे आपला शेतकरी चार बाजार हिंडतो. खिलाराचें शिंग, खूर, वशिंड, दांत, चाल हीं सर्व तो पाहतो, आणि ज्या गाईच्या पोटीं तो खोंड झाला तिचीही चौकशी करतो. जमीन घेतांना सात-बारा व फेरफार डोळ्यांखालून घातल्यावांचून तो विसार देत नाहीं. परंतु जें जनावर पुढें दहा-बारा वर्षें त्याच्या अंगणांत मोकळें वावरणार, रात्रीं खळें राखणार आणि ज्याच्या तोंडाशीं त्याचीं लहान मुलें खेळणार, तें मात्र तो आठवड्याच्या बाजारांतून पिशवींत घालून आणतो. पिल्लूं गोजिरवाणें दिसलें व विकणारानें तें अस्सल म्हणून सांगितलें, एवढाच काय तो पुरावा ! पुढें तें भित्रें निघालें, कोंकरांवर धांवलें, अथवा शेजाऱ्याच्या मुलाला चावलें, म्हणजे दोष नशिबाला दिला जातो. वास्तविक तो दोष निवडीचा असतो. कुत्र्याचें काम त्याच्या आईबापांत आणि त्याच्या आयुष्याच्या पहिल्या आठ आठवड्यांत बहुतांशीं ठरून जातें. म्हणून पिल्लूं निवडण्यापूर्वीं त्याची आई निवडावी, व आई निवडण्यापूर्वीं तिचा धनी पारखावा, हें ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

उदाहरणादाखल एक जात

सर्व जातींविषयीं एकदम लिहिण्यापेक्षां आपल्या परिचयाची एक जात डोळ्यांपुढें ठेवणें सोयीचें होईल. मुधोळ अथवा कारवानी ह्या नांवानें ओळखला जाणारा कुत्रा दख्खनच्या पठारावर, विशेषतः महाराष्ट्र व कर्नाटक ह्यांच्या सीमेकडील मुलखांत, पिढ्यान् पिढ्या पाळला जात आहे. मुधोळ हें गांव आज कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांत असून पूर्वीं तें घोरपडे घराण्याच्या संस्थानचें ठिकाण होतें. मध्य आशिया व इराण ह्यांकडून येणाऱ्या तांड्यांबरोबर ह्या कुत्र्यांचे पूर्वज इकडे आले असें मानतात, व कारवानी हें नांवही त्या कारवानांवरूनच आलें असें सांगतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुधोळचे राजे श्रीमंत मालोजीराव घोरपडे ह्यांनीं ह्या जातीच्या पैदाशीकडे जातीनें लक्ष पुरविलें, व तींतील एक जोडी पंचम जॉर्ज बादशहांस नजर केली.

निमुळतें तोंड, खोल छाती, आंत ओढलेलें पोट, लांब पाय आणि खांद्याशीं सव्वादोन फुटांच्या आसपास उंची, असा ह्या कुत्र्याचा बांधा असतो. अंगावर केंस आखूड असतात. कान, पाय व शेपूट ह्यांवर लांब रेशमी केंस असलेल्या प्रकारास पश्मी म्हणतात. हें कुत्रें वासापेक्षां नजरेनें काम करतें. तें काटक, थोडें खाणारें व परक्यापासून अंतर राखून राहणारें असतें.

अलीकडे ह्या जातीची कीर्ति वाढली आहे. पोस्ट खात्यानें २००५ सालीं तिचें चित्र तिकिटावर छापलें. २०१६ सालीं कांहीं पिल्लें लष्कराच्या मीरत येथील केंद्रांत शिक्षणासाठीं नेण्यांत आलीं. २०२० च्या ऑगस्ट महिन्यांत पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील भाषणांत देशी कुत्र्यांची शिफारस केली, तेव्हां मुधोळचें नांव देशभर झालें. कीर्तीबरोबर मागणी आली, आणि मागणीबरोबर उतावीळ पैदास. प्रत्येक माजाला मादी भरविणें, शर्यतीच्या लोभानें ग्रेहाउंडशीं संकर करून पिल्लें मुधोळ म्हणून विकणें, पांच आठवड्यांचें पिल्लूं आईपासून तोडणें, हे प्रकार ह्यांतूनच उद्भवतात. शतकानुशतकें दुष्काळांत टिकलेली जात अशा सुकाळांत बिघडूं शकते, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

काम कोणतें हें आधीं ठरवावें

पूर्वीं हें कुत्रें सशाहरणांच्या मागें सोडीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी झाली, आणि तें योग्यच झालें. आतां शेतकऱ्याच्या कुत्र्याचें काम म्हणजे वाडा व खळें राखणें, मेंढरांबरोबर चालणें, पिकांत जनावर शिरल्याची वर्दी देणें, आणि दिवसा घरच्या माणसांत शहाण्यासारखें वागणें. एकाच कुत्र्यानें हीं सर्व कामें करावयाचीं असल्यानें नुसता वेग पाहून भागत नाहीं. जो कुत्रा ऐन धांवेंत असतां हांक मारतांच मागें फिरतो, तो दुप्पट वेगवान पण बेलगाम कुत्र्याहून शेतकऱ्यास अधिक उपयोगी.

कारवानी कुत्रें सर्वांनाच मानवेल असेंही नाहीं. त्यास रोज मोकळी धांव लागते. दिवसभर सांखळीस बांधलेलें असें कुत्रें चिडखोर होतें. हमरस्ता लागून असलेल्या वस्तीवर तें वाहनाखालीं सांपडण्याचें भय असतें. बिबट्याचा वावर असलेल्या उंसाच्या मुलखांत तर कोणतेंही कुत्रें रात्रीं उघड्यावर बांधून ठेवणें म्हणजे बिबट्यास दाराशीं बोलावणें होय; तेथें त्यास बंद गोठ्यांतच ठेवावें. ज्यास केवळ भुंकून जागें करणारा राखणदार हवा, त्यानें गांवांतीलच एखादें धडधाकट पिल्लूं घ्यावें, त्यास लसी टोंचाव्या व वेळेवर त्याची नसबंदी करावी. त्याचें काम चोख होईल व पैसाही वांचेल.

जोड जुळविणें

पैदास करणारानें पहिला प्रश्न स्वतःस विचारावा तो हा, कीं पिल्लें झालीं तर तीं जाणार कोठें ? एका वेळीं पांच-सात पिल्लें होणें नवलाचें नाहीं. निदान तितक्या भरंवशाच्या घरांनीं आधीं शब्द दिला नसेल, तर त्या वर्षीं जोड लावूं नये. न खपलेलीं पिल्लें शेवटीं रस्त्यावर येतात, आणि त्यांचा उपद्रव सर्व गांवास भोगावा लागतो.

दुसरी गोष्ट, दोन्ही जनावरें कामांत पाहिलेलीं असावीं. अनोळखी माणूस अंगणांत आला असतां कुत्रें काय करतें. कोंकरें व कोंबड्या ह्यांमध्यें कसें वागतें. फटाका अथवा मेघगर्जना ऐकून किती वेळांत सावरतें. लांबच्या चालीनंतर लंगडतें काय. हें सर्व धन्याच्या सांगण्यावर न ठेवतां आपल्या डोळ्यांनीं पाहावें. विनाकारण चावणारें अथवा अतिशय भित्रें जनावर कितीही देखणें असलें तरी जोडीस घेऊं नये. भित्रेपणा हा मवाळ दोष वाटतो, परंतु भ्यालेलें कुत्रेंच पुष्कळदां चावतें, आणि तो स्वभाव पुष्कळ अंशीं रक्तांतून उतरतो. ह्या बाबतींत खाण तशी माती ही म्हण खोटी नाहीं.

तिसरी गोष्ट नात्याची. प्रत्येक जनावरांत कांहीं दोष दडलेले असतात. एकाच बाजूनें आलेला असा दोष बहुधा दबून राहतो. तोच आईबाप दोघांकडून आला म्हणजे पिल्लांत उघडा पडतो. जवळच्या नात्यांतील जोडींत असें होण्याचा संभव वाढतो. तो किती वाढतो हें गणितानें सांगतां येतें. बाप व मुलगी अथवा सख्खीं भावंडें ह्यांच्या जोडीपासून झालेल्या पिल्लांत आनुवंशिक घटकांच्या शंभर जोड्यांपैकीं सरासरी २५ जोड्या एकाच पूर्वजाकडून दोन्ही बाजूंनीं आलेल्या असतात. सावत्र भावंडांच्या पिल्लांत सुमारें १२॥, व चुलत भावंडांच्या पिल्लांत सुमारें ६। . रक्त शुद्ध राखण्याच्या नांवाखालीं पिढ्यान् पिढ्या घरांतल्या घरांत जोडी लावीत गेल्यास पिल्लें थोडीं होतात, अशक्त निपजतात व लवकर दगावतात.

ह्याच कारणास्तव पंचक्रोशींतील सर्व माद्या एकाच नामांकित नरास दाखविणें धोक्याचें आहे. आज तें सोयीचें वाटतें; परंतु दोन पिढ्यांनंतर ज्या कुत्र्यास हात लावावा तें त्याच नराचें नातवंड निघतें, व बाहेरचें रक्त शोधावयास दूरवर जावें लागतें. त्यापेक्षां दूरच्या गांवच्या पाळणारांशीं संबंध ठेवून नर अदलाबदलीनें वापरावे.

मादीची निगा

मादी अठरा महिन्यांची होण्यापूर्वीं तिला भरवूं नये. जोडीपूर्वीं पशुवैद्याकडून तिची तपासणी करवावी, आणि जंतांचें औषध व लसी हीं पुरीं करून घ्यावीं. माज सुमारें तीन आठवडे टिकतो. पहिले आठ-दहा दिवस रक्तस्राव होतो व त्यानंतरचे दिवस बहुधा फळण्याचे असतात. तथापि ह्यांत फरक पडतो, म्हणून माज पूर्ण उतरेपर्यंत मादी पक्क्या दाराच्या आंत ठेवावी. एकाच माजांत मादीचा दोन नरांशीं संबंध आला तर एकाच वेतांत दोन बापांचीं पिल्लें होऊं शकतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. ठरविलेल्या नरास दाखवून आणल्यावर मादी मोकळी सोडणारानें पुढें शुद्ध जातीची हमी देणें म्हणजे खोटा दाखला देणें होय.

गर्भाची मुदत सुमारें ६३ दिवसांची असते. शेवटच्या तीन आठवड्यांत मादीचें खाणें हळूहळू वाढवावें, व पिल्लें अंगावर पीत असतां तें नेहमींच्या दुप्पट-तिप्पट करावें लागतें. नुसत्या ताकभाकरीवर हें भागत नाहीं. अंडीं, मांस अथवा मासळी, वरण व थोडें दूध ह्यांची जोड हवी. गाभण मादीस चुन्याचीं म्हणजे कॅल्शियमचीं औषधें आपल्या मनानें पाजूं नयेत. त्यानें उलट विल्यानंतर झटके येण्याचा धोका वाढतो. विण्यासाठीं कोरडी, वाऱ्याच्या झोतापासून दूर व वर्दळ नसलेली जागा द्यावी. जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा तास उलटला व पिल्लूं बाहेर आलें नाहीं, तर घरगुती उपाय करीत न बसतां पशुवैद्यास बोलवावें.

पहिले आठ आठवडे

पिल्लूं आंधळें व बहिरें जन्मतें. दहाव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यांत तें चालूं व ऐकूं लागतें. तेथून पुढें सुमारें तीन महिन्यांचें होईपर्यंतचा काळ फार मोलाचा. ह्या काळांत जें जें त्याच्या ओळखीचें होतें, तें तें त्यास जन्मभर आपलें वाटतें. ज्याचा परिचय झाला नाहीं, त्याचें भय राहतें. म्हणून ह्या दिवसांत त्यास माणसांनीं, विशेषतः जाणत्या देखरेखीखालीं मुलांनीं, रोज थोडा वेळ हाताळावें. मेंढरें, गुरें, कोंबड्या दाखवाव्या. मोटारसायकल, ट्रॅक्टर व पाण्याचा पंप ह्यांचे आवाज दुरून ऐकवून हळूहळू जवळ आणावे. अंधाऱ्या खोलींत कोंडून वाढविलेलें पिल्लूं उत्तम कुळांतील असलें तरी कामास उणें पडतें.

ह्याच काळांत आई व भावंडें त्यास एक धडा शिकवितात, तो मनुष्यास नीटसा शिकवितां येत नाहीं. खेळांत जोरानें चावलें म्हणजे भावंड ओरडून खेळ सोडून देतें, व आई दटावते. त्यावरून दांतांचा जोर आवरावयाचा असतो हें पिल्लास कळतें. पांचव्या आठवड्यांत आईपासून तोडलेलें पिल्लूं हा धडा अर्धवट सोडून येतें, आणि त्याचा परिणाम घरच्या मुलांच्या हातांवर दिसतो.

जंतांचें औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्यास द्यावें. डिस्टेंपर व पार्व्हो ह्या रोगांवरील लस सहाव्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत सुरू करून, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें, पिल्लूं सोळा आठवड्यांचें होईपर्यंत पुनः पुनः टोंचावी लागते. एकच टोंचणी करून थांबणें व्यर्थ आहे. कारण आईच्या दुधांतून आलेली रोगप्रतिबंधक शक्ति आरंभीच्या लसीस निष्फळ करूं शकते. पिसाळीवरील लस तिसऱ्या महिन्यांत द्यावी व पुढें पशुवैद्याच्या सल्ल्यानें, बहुधा दरवर्षीं, देत जावी. पिसाळी एकदां अंगांत उमटली म्हणजे मनुष्य वांचत नाहीं म्हटलें तरी चालेल. तेव्हां ह्या एका टोंचणीच्या बाबतींत काटकसर करणें अक्षम्य होय. लस दिलेल्या कुत्र्यानें चावा घेतला तरी जखम पंधरा मिनिटें साबण व वाहतें पाणी ह्यांनीं धुऊन त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

घेणारानें काय पाहावें

पिल्लूं नेहमीं विकणाराच्या घरीं जाऊन पाहावें. जो वाटेंत अथवा बाजारांत पिल्लूं आणून देतों म्हणतो, त्याच्या घरीं कांहीं तरी झांकण्यासारखें आहे असें समजावें. प्रथम आईकडे पाहावें. ती फार खंगलेली, भ्यालेली अथवा अंगावर धांवून येणारी असेल, तर पिल्लांकडे न पाहतांच परतावें. पिल्लांजवळ परका आला असतां आईनें सावध होणें साहजिक आहे. परंतु धन्याच्या शब्दानें ती शांत झाली पाहिजे. बाप दूर असेल तर त्याचा ठावठिकाणा घेऊन तोही पाहून यावा.

नंतर पिल्लें पाहावीं. डोळे व नाक स्वच्छ, कानांस घाण वास नाहीं, हिरड्या गुलाबी, कातडीवर खरूज नाहीं, बेंबीपाशीं फुगवटी नाहीं, चाल सरळ, हीं आरोग्याचीं लक्षणें होत. पोट ढोलासारखें व अंग रोड असेल तर जंत झाले आहेत असें समजावें. नरपिल्लाचे दोन्ही वृषण आठव्या आठवड्यापर्यंत बहुधा खालीं उतरलेले असतात. तसें नसल्यास त्यास पैदाशीसाठीं घेऊं नये. मग थोडें दूर बसून टाळी वाजवावी. जें कोपऱ्यांत दडून बाहेरच येत नाहीं तें, आणि जें सर्वांस लोळवून सारखें चावत सुटतें तें, हीं दोन्ही नवख्या धन्यानें सोडावीं. जें दचकतें, पण लागलीच सावरून आवाजाकडे पाहावयास येतें, तें बहुधा चांगलें निघतें. रंगास महत्त्व देऊं नये. एकाच वेतांतील दोन पिल्लें एकदम आणूं नयेत. तीं एकमेकांतच रमतात व माणसाकडे लक्ष देत नाहींत.

विकणारा आपणांस काय विचारतो हेंही पाहावें. कुत्रें कोठें राहणार, काय खाणार, घरीं लहान मुलें आहेत काय, असे प्रश्न करणारा, व न जमल्यास पिल्लूं परत आणा म्हणणारा मनुष्य पैदाशीची जबाबदारी ओळखतो. जो फक्त किंमत बोलतो त्याचा संबंध पैसे मिळतांच संपतो.

कायद्याचाही आधार आहे. श्वानांची पैदास व विक्री ह्यांसंबंधीं केंद्र सरकारनें २०१७ सालीं नियम केले. त्यांप्रमाणें विक्रीसाठीं पैदास करणारानें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंद केली पाहिजे. अठरा महिन्यांच्या आंतील मादी भरवितां येत नाहीं. वर्षांत एकाहून अधिक व जन्मांत पांचाहून अधिक वेतें घेतां येत नाहींत. आठ वर्षांनंतर पैदास बंद. आणि आठ आठवड्यांच्या आंतील पिल्लूं विकतां येत नाहीं. हे नियम घेणारानें तोंडपाठ ठेवावे, म्हणजे पांच आठवड्यांचें पिल्लूं पुढें करणाराशीं वाद घालण्याचें कारण उरत नाहीं. मुधोळजवळ तिम्मापूर येथें बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचें श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. ज्यांस ही जात हवी त्यांनीं आधीं तेथें चौकशी करणें इष्ट.

नोंदवही

शेवटीं एक सूचना. माझें आयुष्य महसूल खात्यांत वह्या लिहिण्यांत गेलें, म्हणून हें मला अगत्यानें सांगावेंसें वाटतें. जमिनीचा हक्क तोंडी सांगण्यावर टिकत नाहीं, तसेंच कुळही. पैदास करणारानें एक साधी वही घालावी. तींत मादीचें नांव व जन्मतारीख, तिचे आईबाप व आजेआजी, नराची तीच माहिती, जोडीची तारीख, विण्याची तारीख, जन्मलेलीं, जगलेलीं व दगावलेलीं पिल्लें, प्रत्येक पिल्लाचा रंग व खूण, टोंचण्यांच्या तारखा, पिल्लूं कोणाकडे गेलें, आणि एक वर्षानंतर तें कामास कसें निघालें, असे रकाने असावे. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि खरें मोल त्याचेंच आहे. कोणत्या जोडीचीं पिल्लें शहाणीं निघालीं व कोणतीचीं भित्रीं, हें त्या एका रकान्यावरून कळतें, व पुढची जोड अंदाजानें न लावतां माहितीनें लावितां येते. दोष निघाले तेही जसेच्या तसे लिहावे. बापाच्या कीर्तीसाठीं मुलाचा लंगडेपणा लपविणारी वही नसलेली बरी.

अशी वही एका घरीं असण्यापेक्षां आपल्या मंडळींतील चार-सहा पाळणारांनीं मिळून ठेविली तर अधिक उपयोग होईल. नाती चटकन् कळतील, नरांची अदलाबदल सोपी होईल, आणि पिल्लूं घेऊं इच्छिणारास कोणाच्या दाराशीं जावें हें एका पानावरून समजेल. तिला खर्च एका वहीचा व दौतीचा. परंतु ती दहा वर्षें नीट चालली तर जनावर पाहण्यापूर्वीं वहीचें पान पाहण्याची आपल्यांत रीत पडेल, आणि बाजारांत पिशवी घेऊन बसणारास गिऱ्हाईक मिळणार नाहीं.